चित्रात जमलेलं पानावर का बिघडतं

वेब डिझाइन शिकताना पहिले आठ-दहा दिवस मजेत जातात, कारण ते बहुतेक ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्येच जातात. १४४० बाय ९०० पिक्सेलचा कोरा कॅनव्हास उघडायचा, वर पट्टा ओढायचा, मधोमध मोठं शीर्षक, खाली तीन चौकटी. जे जिथे ठेवलं ते तिथेच राहतं. मग तेच पान कोडमध्ये उतरवायला घेतलं की तिसरी चौकट खाली घसरते, शीर्षकाच्या दोन ओळी होतात आणि फोनवर उघडलं तर सगळं पान मुंगीएवढं दिसतं. आपला कोड चुकला असं वाटतं. बऱ्याचदा कोड बरोबर असतो, कॅनव्हासची सवय आड आलेली असते. कॅनव्हासची रुंदी आपण ठरवतो. ब्राउझरमधल्या पानाची रुंदी वाचणारा ठरवतो, आणि अक्षरं मोठी-लहानही तोच करतो. पुढचे कित्येक आठवडे या एका फरकाशी झटापट चालते.

पण आधी सॉफ्टवेअर. इथे दिवसातून दोनदा तरी हेच होतं: ब्रश घेतला, रंग निवडला, ओढला आणि काहीच उमटलं नाही. सॉफ्टवेअर अडकलं समजून ते बंद करून पुन्हा उघडलं जातं. कारणं मोजकीच असतात. कुठल्या तरी कोपऱ्यात मघाचं चिमुकलं सिलेक्शन, म्हणजे निवडलेला भाग, शिल्लक असतं आणि ब्रश फक्त त्याच्या आतच चालतो. फोटोशॉपमध्ये कंट्रोल-डी आणि गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की ते सुटतं. ते नसेल तर चालू लेयर, म्हणजे चित्राचा थर, भलताच असतो, किंवा लेयर बरोबर असतो पण वरचा दुसरा लेयर त्याला झाकून बसलेला असतो. किंवा लेयरच्या चित्राऐवजी शेजारच्या मास्कवर (लेयरचा काही भाग झाकणाऱ्या पडद्यावर) क्लिक झालेलं असतं. गिंपमध्ये आणखी एक भानगड: पेस्ट केलेलं चित्र कधी तरंगत्या सिलेक्शनच्या रूपात लटकून राहतं आणि त्याला अँकर करेपर्यंत बाकी कशालाच हात लागत नाही. याच क्रमाने बघत गेलं तर अर्ध्या मिनिटात उलगडा होतो.

खोडरबर फिरवल्यावर मागचं दिसण्याऐवजी पांढरा पट्टा उमटला तर त्या लेयरला अल्फा चॅनेल, म्हणजे पारदर्शकतेची नोंद, नाही. थेट जेपेग फाइल उघडली की हे ठरलेलं, कारण जेपेगमध्ये पारदर्शकता नसतेच. लेयरच्या मेनूतून अल्फा चॅनेल जोडला की पुढे सुरळीत.

सेव्ह आणि एक्स्पोर्ट यांतला फरक गिंप सक्तीने शिकवतो. २०१२ साली आलेल्या २.८ या आवृत्तीपासून कंट्रोल-एस फक्त एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची, फाइल बनवतं. जेपेग किंवा पीएनजी हवी असेल तर एक्स्पोर्टच करावं लागतं. अनेकांनी यावर बोटं मोडली. शिकणाऱ्यासाठी मात्र ही सक्ती चांगली. एक्ससीएफ किंवा फोटोशॉपच्या पीएसडीमध्ये लेयर, मास्क, मजकूर सगळं सुटं राहतं. जेपेगमध्ये सगळं एकमेकांत कालवलेलं असतं. शीर्षकातला एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचा आणि हातात फक्त जेपेग, अशी वेळ एकदा आली की ही सवय आपोआप लागते.

वक्र रेषा आखणाऱ्या पेन टूलसाठी वेगळा वेळ काढावा, कारण इथे हात वळायला दिवस लागतात. नवखा माणूस गोलाईवर टिकटिक करत वीस-तीस ठिकाणी क्लिक करतो आणि कड ठेचकाळलेली दिसते. वक्र क्लिक करून बनत नाही, क्लिक करून ओढल्यावर बनतो. ओढताना जे हँडल बाहेर येतं ते रेषेची दिशाही सांगतं आणि तिचा जोरही. पूर्ण वर्तुळाला चार नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, पुरतात: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. १०० पिक्सेल त्रिज्येच्या वर्तुळात प्रत्येक हँडल सुमारे ५५ पिक्सेलचं असतं. हा आकडा एकदा स्वतः आखून बघावा, म्हणजे हँडल किती लांब ओढायचं याचा अंदाज बोटात बसतो. बाकीच्या वक्रांनाही तोच न्याय: आकार जिथे सगळ्यात वर, खाली किंवा बाजूला पोचतो तिथे नोड, आणि हँडल शक्यतो सरळ आडवं किंवा उभं. ही वक्ररेषा मोटारींच्या आराखड्यांतून आली. पिअर बेझिये रेनो कंपनीत इंजिनिअर होते, आणि मोटारीची वळणदार कड मोजक्या आकड्यांत पकडायची ही त्यांची गरज होती. मोजके नोड हा नियम तिथूनच चालत आलेला आहे.

सरावाला ‘ळ’ घ्यावा. मोठ्या आकारात टाइप करायचा, फिका करून लेयर कुलूपबंद करायचा आणि वर दुसऱ्या लेयरवर गिरवायचा. दोन्ही गोलांच्या बाहेरची कड, आतली पोकळी आणि मधला सांधा जमवताना गुळगुळीत नोड आणि टोकदार नोड यांतला फरक चटकन कळतो. इंकस्केप या रेखाचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये नोड निवडून शिफ्ट-सी दाबलं की तो टोकदार होतो, शिफ्ट-एसने गुळगुळीत. सांध्यापाशी टोकदार नोड नसेल तर रेषा तिथे लाडूसारखी फुगते. रोज एक अक्षर, वीस मिनिटं, आणि शेवटी नोड मोजायचे. आकडा उतरत गेला की हात सुधारतोय.

याच टप्प्यावर एक तक्रार ठरलेली असते: आयकॉनची एक पिक्सेलची काळी रेघ करडी आणि जाड दिसते. रेघेची जाडी मार्गाच्या दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी वाटली जाते. मार्ग बरोबर १० या आकड्यावर असेल तर रेघ ९.५ पासून १०.५ पर्यंत पसरते, म्हणजे दोन पिक्सेल अर्धे-अर्धे रंगतात. मार्ग १०.५ वर सरकवला की रेघ एकाच पिक्सेलात बसते. आयकॉन २४ पिक्सेलचा हवा असेल तर २४ च्याच चौकटीत काढावा. २४० चा काढून लहान केला की हे सगळे आकडे अपूर्णांकात जातात.

आता एक्स्पोर्ट. फोनने काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. पानावर त्याला जागा मिळते ८०० पिक्सेल रुंदीची. कोडमध्ये रुंदी ८०० लिहिली की फोटो लहान दिसतो, म्हणून काम झालं असं वाटतं. पण फाइल अख्खीच उतरते, आणि ती दाखवताना ब्राउझरला १ कोटी २० लाख पिक्सेल उलगडावे लागतात. दर पिक्सेलला चार बाइट धरले तर एका फोटोपायी जवळपास ४८ एमबी मेमरी. दाट स्क्रीनचा विचार करून दुप्पट, म्हणजे १६०० पिक्सेल रुंदीचा काढला तरी पिक्सेल २० लाखांच्या आत येतात. आधी लहान करायचा, मग गरज वाटली तर हलकं शार्पन, आणि जेपेगची क्वालिटी ७० ते ८०. एक्स्पोर्टच्या खिडकीत प्रीव्ह्यू चालू ठेवून आकडा हळूहळू खाली आणावा आणि आकाश किंवा त्वचा यांसारख्या सपाट भागात चौकोन दिसू लागले की चार-पाच अंक वर यावं. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडून काम करतं. ते चौकोन म्हणजे हेच तुकडे.

जेपेगमध्ये निळ्यावर लाल अक्षरं चिखलासारखी का दिसतात, हाही नेहमीचा प्रश्न. डोळ्याला उजेडातला बारीक फरक जितका कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून जेपेग रंगाची माहिती सहसा निम्म्या तपशिलाने साठवतं. फोटोत ते खपून जातं, रंगीत अक्षराच्या कडेवर उघडं पडतं. अक्षरं, आकृत्या आणि स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये काढावेत, चिन्ह किंवा लोगो एसव्हीजीमध्ये. एसव्हीजीत व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राची मूळ चौकट सांगणारी नोंद, आहे का ते बघून घ्यावं. तो नसेल तर जागा लहान दिल्यावर चित्र लहान होण्याऐवजी कापलं जातं.

आणि ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ ठिपके. वेबसाठी ७२, छपाईसाठी ३०० असं अजूनही शिकवलं जातं. छपाईपुरतं ठीक आहे, कारण तिथे इंचाशी गाठ असते. ब्राउझर फाइलमधला तो आकडा सहसा विचारातच घेत नाही. १६०० पिक्सेलचा फोटो ७२ ने सेव्ह करा नाहीतर ३०० ने, पानावर आकार तोच आणि फाइलचं वजनही तेवढंच. रंगाची पद्धत मात्र तपासायला हवी: आरजीबी, आणि प्रोफाइल एसआरजीबी. छपाईसाठी सीएमवायकेत बनवलेली फाइल तशीच पानावर टाकली की रंग फिकट किंवा भलतेच दिसतात.

कोडच्या पहिल्या आठवड्यात जास्त वेळ बेरजेत जातो, आणि ती बेरीज कॅनव्हासवर कधी करावी लागलेली नसते. एका चौकटीला ३०० पिक्सेल रुंदी दिली, आत २० पॅडिंग (कड आणि मजकूर यांतली मोकळी जागा), भोवती १ ची बॉर्डर. पानावर मोजली तर भरते ३४२, कारण मूळ नियमात रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी. ९६० च्या डब्यात ३२० च्या तीन चौकटी बरोबर बसायला हव्यात; प्रत्येकीला १० पॅडिंग दिलं की त्या ३४० च्या होतात, बेरीज १०२० आणि तिसरी खाली. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स हे मूल्य दिलं की पॅडिंग आणि बॉर्डर रुंदीच्या आतच धरले जातात. ही ओळ प्रत्येक स्टाइलशीटच्या डोक्यावर असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तरीही तिसरी चौकट खाली पडली तर चौकटी इनलाइन-ब्लॉक, म्हणजे शब्दांसारख्या ओळीत बसणाऱ्या, आहेत का ते पाहावं. कोडमध्ये दोन चौकटींच्या मध्ये आपण एंटर मारतो आणि ब्राउझर ते दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेसारखं धरतो. १६ पिक्सेलच्या अक्षरात ती जागा चारेक पिक्सेल भरते. फ्लेक्स या मांडणीच्या पद्धतीत हा त्रास नाही. फ्लेक्सचा स्वतःचा त्रास वेगळा: एखाद्या चौकटीत लांबलचक लिंक आली की ती आकसायलाच तयार होत नाही आणि शेजारणींना ढकलते, कारण फ्लेक्सच्या मुलांची, म्हणजे आतल्या चौकटींची, किमान रुंदी आतल्या मजकुरावरून ठरते. तिथे मिन-विड्थ शून्य करून लांब शब्द तोडण्याची परवानगी द्यावी लागते. उभ्या अंतरांचं गणितही निराळं असतं. वरच्या परिच्छेदाला खाली ३० मार्जिन आणि खालच्याला वर २० दिलं तर मध्ये ५० नव्हे, ३० च पडतात; मोठं लहानाला गिळतं.

कोडमधली चूक सीएसएस, म्हणजे मांडणी आणि रंगाचे नियम लिहायची भाषा, बोलून दाखवत नाही. ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला तर ब्राउझर ती ओळ आणि पुढची ओळ मिळून एकच मूल्य समजतो, ते त्याला कळत नाही आणि तो दोन्ही टाकून देतो. म्हणून चूक पाचव्या ओळीत आणि परिणाम सहाव्या ओळीचा गायब, असं दिसतं. एफ१२ दाबून उघडणारी खिडकी इथे गुरूच्या जागी आहे. क्रोममध्ये ओळीवर काट आणि शेजारी पिवळा त्रिकोण असेल तर लिहिण्यातच चूक आहे. नुसती काट असेल तर लिहिलंय बरोबर, पण दुसरा नियम वरचढ ठरलाय. ओळ फिकी असेल तर ती त्या जागी लागूच पडत नाही, जसं आईला (बाहेरच्या चौकटीला) फ्लेक्स न करता अलाइन-आयटम्स देणं. या तीन खुणा ओळखता आल्या की निम्मी चाचपड संपते. इम्पॉर्टंट हा ‘बाकीच्यांवर मात कर’ असा शेरा लावून नियम रेटायचा मोह होतो. एकदा लावला की दुसऱ्या ठिकाणी त्याहून मोठा आवाज काढावा लागतो, आणि मग सगळेच ओरडत बसतात.

मराठी पान बनवणाऱ्याच्या वाट्याला आणखी एक अभ्यास येतो, आणि इंग्रजीत शिकवणारे त्याबद्दल सहसा बोलत नाहीत. पान उघडल्यावर मराठीऐवजी परक्या चिन्हांची रांग दिसली तर यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीची घोषणा राहिलेली असते, किंवा फाइल वेगळ्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह झालेली असते. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. ‘क्षि’ म्हणजे क, हलन्त, ष आणि वेलांटी, चार चिन्हं, बारा बाइट. ब्राउझरने ते सुटे सुटे वाचले की एका अक्षराच्या जागी डझनभर कचरा. ती घोषणा हेडच्या अगदी सुरुवातीला, फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत हवी. मजकूर जुन्या डीटीपी फॉंटमध्ये टाइप केलेला असेल तर मात्र कुठलीही घोषणा उपयोगाची नाही. तिथे फाइलमध्ये रोमन अक्षरंच असतात, फॉंटने त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग एकदा डोळ्यांखालून वाचन. जोडाक्षरं आणि रफार तिथे हमखास चुकतात.

शीर्षक मोकळं दिसावं म्हणून रोमन अक्षरांत लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवतात. देवनागरीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. ते शून्यच ठेवावं. मोकळेपणा हवा असेल तर ओळींतलं अंतर वाढवावं. रोमनला १.४ चं लाइन-हाइट पुरतं, मराठी परिच्छेदाला १.६ ते १.८ लागतं, कारण वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार अशी दोन्हीकडे वस्ती असते. मोठ्या शीर्षकाला लाइन-हाइट १ आणि ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेरचं लपवा) एकत्र आले की वेलांट्या सरळ छाटल्या जातात. ‘सर्वांचीं’ आणि ‘शुद्धू’ असं काहीतरी टाइप करून पाहावं. अर्थ नसला तरी चालेल, वरची आणि खालची टोकं तपासली जातात.

फॉंटचं फक्त साधं वजन जोडलं आणि शीर्षकाला बोल्ड दिलं तर ब्राउझर अक्षराला स्वतःच फुगवतो. रोमनमध्ये ते सहसा लक्षात येत नाही. ‘ष्ठ’ किंवा ‘द्ध’ची पोकळी मात्र बुजून जाते. म्हणून ४०० आणि ७०० ही दोन्ही वजनं जोडावीत, बाकीची नकोत, कारण देवनागरी फॉंटमध्ये जोडाक्षरांचे आकार बरेच असतात आणि फाइल जड होते. पानाची भाषा मराठी असल्याचं लँग या गुणधर्मात ‘एमआर’ लिहून सांगावं. ज्या फॉंटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श दिलेले आहेत, ते त्यावरूनच योग्य आकार निवडतात. एरवी हिंदी वळण येतं. ‘दुसऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र हवा असेल तर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जेने नुक्त्याचा ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. साधा र घेतला तर ‘दुसर्या’ होतं आणि मराठी वाचणाऱ्याला ते खड्यासारखं लागतं.

ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमध्येही हा प्रश्न भेटतो. इंकस्केप आणि गिंप जोडाक्षरं नीट जुळवतात. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दक्षिण आशियाई भाषांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागतं, नाहीतर ‘कि’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते.

फोनवर पान मुंगीएवढं दिसतं त्याचं कारण एका ओळीत आहे. व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पानाच्या दिसणाऱ्या भागाची रुंदी सांगणारा, मेटा टॅग नसेल तर फोन पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं गृहीत धरून ते आक्रसून दाखवतो. टॅग जोडल्यावर त्याच फोनची रुंदी ३६० च्या आसपास होते, मग स्क्रीनवर खरे पिक्सेल १०८० का असेनात. इथून कॅनव्हासची सवय सोडून द्यायची. रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे बदलणारं, हा शब्द ईथन मार्कॉट यांनी २०१० साली वापरात आणला. त्यामागची तयारी साधी आहे: चित्र काढतानाच दोन आवृत्त्या करायच्या, ३६० ची आधी आणि १४४० ची नंतर. उलट क्रमाने गेलं की रुंद पानातलं सगळं सामान अरुंद पानात कोंबायची वेळ येते. मजकूरही खोटा घेऊ नये. ‘शीर्षक येथे’ सगळीकडे छान बसतं. ‘आंतरविद्याशाखीय’ बसतंय का ते बघावं, आणि मजकूरच आला नाही तर चौकट कशी दिसते तेही.

पान आडवं सरकू लागलं तर कुठली तरी चौकट बाहेर डोकावतेय. शोधायला सगळ्या घटकांना एक पिक्सेलची लाल आउटलाइन द्यावी. बॉर्डर देऊ नये, ती जागा घेते आणि मांडणी आणखी हलवते. जी लाल चौकट कडेबाहेर गेलेली दिसेल ती गुन्हेगार.

कॅनव्हासवर फिका करडा रंग फार सुंदर दिसतो. पांढऱ्यावर, रंगाच्या कोडात सहाही जागी ७ असलेल्या करड्याचा कॉन्ट्रास्ट ४.४८ भरतो, आणि लहान अक्षरांसाठी डब्ल्यूसीएजी या वेबसुलभतेच्या नियमावलीची अट ४.५ ची आहे. थोडक्यात हुकतो. ७६७६७६ घेतला की ४.५४. डोळ्याला दोघांत फरक कळत नाही, म्हणून डोळ्यावर न जाता मोजावं.

शेवटी पान सर्व्हरवर चढवलं की घरी दिसणारी चित्रं गायब होतात. विंडोजला ‘फोटो’ लहान अक्षरात लिहिला काय आणि मोठ्या काय, सारखंच. लिनक्सच्या सर्व्हरला त्या दोन वेगळ्या फाइली वाटतात. फाइलची नावं रोमन लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता, डॅश देऊन ठेवावीत. पत्त्यात सी ड्राइव्ह आलं असेल तर ते चित्र फक्त आपल्याच कॉम्प्युटरवर दिसणार.

आणि बदल करूनही पान जुनंच दिसत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून ब्राउझरने साठवलेली प्रत टाळावी. तेवढ्यानेही हललं नाही तर पानाची पार्श्वभूमी भडक गुलाबी करून सेव्ह करावी. पान गुलाबी झालं नाही, तर तासभर आपण भलत्याच फोल्डरमधली फाइल दुरुस्त करत बसलो होतो.